नावावरून तालीम थांबवू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो, जिल्हा बँकेत नोकरी करतो. गावाचं नाव छापू नका, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. गेली बरीच वर्षं आम्ही पंधरा-सोळा जण गणपतीत आणि जत्रेच्या वेळी एकांकिका करतो. माणसं आजूबाजूच्या पाच गावांतली आहेत. तालमी सोसायटीच्या जुन्या भातगोदामात होतात, म्हणून लोक आम्हाला 'गोदामातले' म्हणतात. यंदा राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं, त्यासाठी संस्था रीतसर नोंदवायची आणि जानेवारीत शाळा-कॉलेजांसाठी तीन दिवसांची एकांकिका स्पर्धा सुरू करायची, असं ठरलं. मला सेक्रेटरी केलं आणि सगळं घोडं नावावर अडलं.

बाजारपेठेतले एक व्यापारी लाख रुपये द्यायला तयार आहेत, पण संस्थेला त्यांच्या वडिलांचं नाव हवं. जुन्या मंडळींना ज्या गुरुजींनी आम्हाला नाटक शिकवलं त्यांचं नाव द्यायचंय. गुरुजी चार वर्षांपूर्वी वारले. काहींना ग्रामदेवतेचं नाव हवं. कॉलेजातल्या पोरांना 'थर्ड बेल' आवडलंय. उरलेल्यांनी 'रंग'पासून सुरू होणारी पाच-सहा नावं काढलीत. मागच्या बैठकीत आवाज चढले, दोघं उठून निघून गेले. त्यातला एक आमचा प्रमुख नट. त्यानंतर तालीम झालेली नाही. काय करू?

– एक सेक्रेटरी, सिंधुदुर्ग

उत्तर

नमस्कार दादा,

तालीम उद्यापासून सुरू करा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. स्पर्धेचं दोन अंकी नाटक उभं राहायला जे दिवस लागतात ते नाव ठरल्यावर परत मिळत नाहीत. नावाची बैठक तालमीच्या दिवशी आणि तालमीच्या जागी घ्यायची नाही, एवढा नियम करून टाका. गोदामात फक्त नाटक. नावाचं बोलणं रविवारी सकाळी कुणाच्या तरी पडवीत, चहा घेऊन.

आता नावाकडे येऊ. तुमच्याकडे जी नावं आलीत ती नीट बघितली तर भांडण कानाला काय गोड लागतं याचं नाहीच. प्रत्येक नाव एक दावा घेऊन आलंय. हे मंडळ व्यापाऱ्याच्या घराण्याचं, की गुरुजींच्या शिष्यांचं, की देवळाचं, की कॉलेजातल्या पोरांचं? माझ्या मते संस्थेचं नाव असं हवं की आज तुमच्यात नसलेला माणूस, म्हणजे शेजारच्या गावातली एखादी मुलगी, दहा वर्षांनी त्याला 'आमचं' म्हणू शकेल. या एका मापानं सगळी नावं मोजा.

व्यापाऱ्यांचं आधी, कारण पैशाचा विषय लांबवला की तो चिघळतो. मराठी नाटकाची सुरुवात जिथून मोजतात तिथलंच उदाहरण घ्या. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. पैसा संस्थानिकांचा, हुकूम संस्थानिकांचा. तरी मंडळी ओळखली गेली ती 'सांगलीकर' म्हणून. पुढे चिंतामणराव गेले, राजाश्रय आटला, भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आश्रय गेला तरी नाव बदलावं लागलं नाही, कारण नाव गावाचं होतं. तुमचे व्यापारी भले गृहस्थ असतील, पण लाख रुपये दोन अंकी नाटकाच्या नेपथ्यात, भाड्यात आणि प्रवासात एका वर्षात संपतात. नाव मात्र पुढची तीस-चाळीस वर्षं पाटीवर राहतं. उद्या त्यांच्या मुलानं निवडणूक लढवली तर तुमचं मंडळ आपोआप एका बाजूचं होईल. दुसरा देणगीदार तुमच्याकडे फिरकणारही नाही. दुसऱ्याच्या वडिलांच्या नावानं चाललेल्या संस्थेला तो कशाला पैसे देईल?

म्हणून त्यांना नाही म्हणू नका, दुसरी जागा दाखवा. जानेवारीतल्या स्पर्धेत पहिल्या एकांकिकेला रोख बक्षीस ठेवा, 'अमुक यांच्या स्मरणार्थ' म्हणून, आणि ते दरवर्षी व्यासपीठावरून जाहीर करा. किंवा त्यांच्या पैशातून रंगमंचाचे दिवे, म्हणजे डिमर आणि स्पॉट, घ्या आणि दिव्यांच्या पेटीवर नाव रंगवा. दिवे दहा-पंधरा वर्षं टिकतात आणि प्रत्येक प्रयोगात ती पेटी गाडीतून उतरते तेव्हा चार माणसं नाव वाचतात. बोलायला तुम्ही एकटे जाऊ नका. वयानं मोठं कुणीतरी सोबत घ्या, आणि हे बोलणं पेढीवर करू नका, त्यांच्या घरी करा. देणगी कशासाठी, किती वर्षांसाठी आणि नाव कुठे लागणार हे त्याच आठवड्यात कागदावर आणा. त्यांनी हे मानलं नाही तर लाख रुपये सोडून द्या. मी हे सहज म्हणत नाही. तालुक्याच्या गावात लाख रुपये जमवायला किती उंबरे झिजवावे लागतात ते मला माहीत आहे. तरी सोडून द्या.

गुरुजींचा विषय वेगळा. तिथे पैसा नाही, माया आहे, आणि म्हणूनच तिथे जपून बोलायला हवं. माणसाचं नाव संस्थेला देऊच नये असं मी म्हणणार नाही. तुमच्याच जिल्ह्यात कणकवलीला तबलावादक वसंतराव आचरेकरांच्या नावानं सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे, कुडाळला बाबा वर्दम थिएटर्स आहे. तिथल्या प्रेक्षकाला त्या नावांत काही परकं वाटत नाही. ते नाव साऱ्या गावानं आपलं मानलंय. तुमच्या गुरुजींबद्दल तसं म्हणता येईल का, हे तुम्हीच जाणा. पण तुमची माणसं पाच गावांतली आहेत. निम्म्यांनी गुरुजींना बघितलेलं नसणार. कॉलेजातल्या पोरांना तर ते जुन्या मंडळींच्या आठवणीतले एक फोटो. आणि एक अवघड गोष्ट आताच विचारून घ्या: उद्या मंडळानं एखादं धीट, आजच्या भाषेतलं नाटक निवडलं आणि कुणी उठून म्हणालं, 'गुरुजींच्या नावाखाली हे?', तर काय कराल? गेलेल्या माणसाचं नाव ढाल म्हणूनही वापरलं जातं आणि काठी म्हणूनही.

या बाबतीत नाटक कंपन्यांचा इतिहास फार बोलका आहे. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. भागीदार तिघं, पाटीवर नाव एकाचं. पुढे टेंबेही बाहेर पडले, बोडसही. मंडळी राहिली बालगंधर्वांची, आणि तिचं नशीब त्यांच्या नशिबाशी बांधलं गेलं. त्याच काळातली दुसरी मोठी कंपनी बघा. केशवराव भोसल्यांनी 1908 साली हुबळीला काढली. केशवराव इतके गाजत असूनही तिला त्यांचं नाव नव्हतं, ती 'ललितकलादर्श'. 1921 मध्ये केशवराव ऐन तारुण्यात गेले. बापूराव पेंढारकरांनी मंडळी हातात घेतली, त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी. नाव बदलायची वेळ आली नाही, कुणाला आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय असं वाटायचं कारण नव्हतं. नुसत्या नावानं संस्था टिकते असं नाही, पण हाती घेणाऱ्याला ते नाव अडलं नाही हे खरं.

मग गुरुजींचं काय करायचं? स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावानं करा. हा दुय्यम मान आहे असं जुन्या मंडळींना वाटेल, तेव्हा त्यांना पुण्याचं उदाहरण द्या. 1963 पासून तिथे महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा होते. ती भरवते महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था, आणि करंडक आहे संस्थेतल्या पुरुषोत्तम वझ्यांच्या नावाचा. आज राज्यभरातल्या कुठल्याही कॉलेजातल्या नाटकवेड्या पोराला विचारा, तो म्हणेल 'आम्ही पुरुषोत्तम केलं', 'पुरुषोत्तमला गेलो होतो'. संस्थेचं नाव त्यातल्या अनेकांना पटकन आठवायचं नाही. पुरुषोत्तम हे नाव दरवर्षी हजारो तरुण तोंडांतून जातं. गुरुजी तुम्हाला नाटक शिकवत होते ना? मग त्यांचं नाव नाटक शिकणाऱ्या पोरांच्या तोंडी असू द्या. नोंदणीच्या प्रमाणपत्रापेक्षा, लेटरहेडपेक्षा ती जागा त्यांना जास्त शोभेल. फक्त जाहीर करण्याआधी गुरुजींच्या घरी जाऊन विचारा आणि त्यांच्या घरच्यांची लेखी संमती घ्या. पत्रावरून तरी घरच्यांना अजून कुणी विचारलेलं दिसत नाही, आणि हे आधीच व्हायला हवं होतं.

ग्रामदेवतेचं नाव सुचवणाऱ्यांचा भाव मला कळतो. मच्छिंद्र कांबळींनी आपल्या रेवंडीच्या भद्रकालीचं नाव निर्मितीसंस्थेला दिलं आणि मालवणी नाटक त्या नावानं मुंबईभर गाजलं. पण ती एका निर्मात्याची संस्था होती, त्याची त्याच्या देवीवर श्रद्धा होती, विषय तिथे संपतो. तुमच्या पाच गावांना पाच ग्रामदेवता आहेत. एका देवीचं नाव घेतलं की बाकी चार गावं पाहुणी झाली. शिवाय देवीच्या नावामागून मानकरी येतात, देवस्थानची कमिटी येते, आणि कुठलं नाटक करायचं यावर त्यांचं मत येतं. कोकणात ही सगळी नाती इतकी जुनी आहेत की ती नव्या मंडळाच्या डोक्यावर ठेवू नका. आणखीही एक आहे. कोकणातल्या पाच गावांतली नाटकवेडी माणसं म्हटली की त्यात एखादा डिसोजा, एखादा शेख असतो किंवा उद्या येणार असतो. त्याला पाटीखालून आत येताना थबकावं लागू नये. देवीचा मान कुणी काढून घेत नाहीय. पहिल्या प्रयोगाआधी पाचही गावांत नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला. ते नाव देण्यापेक्षा मोठं आहे.

'रंग'वाल्या नावांबद्दल फार लिहीत नाही. 1960 मध्ये मुंबईत 'रंगायन' ही नाट्यसंस्था सुरू झाली तेव्हा त्या नावाला एक ताजेपणा होता. आज कुठल्याही स्पर्धेचं वेळापत्रक काढून बघा, एकाखाली एक रंगच दिसतील. त्या गर्दीत परीक्षकाला तुम्ही कोण ते आठवणार नाही आणि वर्तमानपत्रात निकाल छापताना दुसऱ्याच्या नावावर जाल.

'थर्ड बेल' सुचवणाऱ्या पोरांना मात्र कुणी हसू नका. इंग्रजी नावानं मराठी नाटकाचं काही बिघडलेलं नाही. पुण्यातली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन काय, थिएटर अकॅडमी काय, दोन्ही अस्सल मराठी नाटकाच्या संस्था. पोरांना जे म्हणायचंय ते मला असं दिसतं: आपलं मंडळ स्नेहसंमेलनासारखं, जुनाट वाटू नये. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण तुमचा प्रेक्षक कोण आहे? मासळी बाजारातली बाई, एसटीचा कंडक्टर, शाळेच्या बाई, रात्री दशावताराला जाऊन पहाटे घरी येणारा म्हातारा. त्यांच्या तोंडात हे नाव बसत नाही. आणि स्पर्धेच्या केंद्रावर निवेदक तिसऱ्या घंटेनंतर 'सादर करीत आहे थर्ड बेल' म्हणाला, तर प्रेक्षकांतून पहिला हशा तिथेच येईल, नाटक सुरू व्हायच्या आधी. पोरांच्या हाती पोस्टर द्या, लोगो द्या, स्पर्धेची सगळी सजावट द्या. जुनाटपणा तिथून जातो.

आता मी काय ठेवलं असतं ते सांगते. तालुक्याच्या गावाचं नाव आणि पुढे 'नाटक मंडळी'. बस. 'सांस्कृतिक, सामाजिक, क्रीडा व शैक्षणिक प्रतिष्ठान' वगैरे शेपूट नको, ते उद्देश संस्थेच्या घटनेत लिहायचे असतात. तालुक्याचं गाव पाचही गावांना बाजाराचं, एसटीचं, दवाखान्याचं गाव आहे, त्यात कुणाला परकं वाटायचं कारण नाही. स्पर्धेत तुम्ही जिंकलात तर बातमीत गावाचं नाव आपोआप मोठं होतं, आणि हरलात तरी गाव तुमच्या पाठीशी राहतं, कारण नाव त्याचं आहे. मुंबईत गेलेली तुमच्या गावची माणसं प्रयोगाला येतील ती त्या नावामुळे. वर्गणीही त्याच नावावर निघते.

इथे एक बारीक गोष्ट सांभाळा. जुन्या कंपन्यांसारखं नावापुढे 'कर' लावायचा मोह होईल. सांगलीकर, इचलकरंजीकर ऐकायला भारदस्त वाटतं. पण तुमच्या भागात ते चालणार नाही. तिथे पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे दशावतार येतो. जत्रेत देवळाबाहेर कुणी विचारतं, 'आज नाटक कोणाचा?' आणि उत्तर येतं, 'पार्सेकरांचा'. तुम्ही 'कर' लावलंत की एक तर लोक पेट्रोमॅक्सच्या आठवणीनं ट्रिकसीन, म्हणजे रंगमंचावरचे चमत्कार, बघायला येतील आणि दोन अंकी सामाजिक नाटक बघून हिरमुसतील, नाही तर त्या आडनावाच्या कुटुंबाचं हे मंडळ असेल असं समजतील. नुसतं गावाचं नाव घ्या.

'गोदामातले' हे नाव मला खरं तर फार आवडलं. लोकांनी आपणहून दिलेलं नाव हा मान असतो, ते मागून मिळत नाही. तरी संस्थेला ते देऊ नका, याला कारण आहे. 'आविष्कार' ही संस्था मुंबईत 1971 साली निघाली आणि पुढे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात वर्षानुवर्षं प्रायोगिक नाटकं करत राहिली. हळूहळू लोक त्या नाटकांनाच 'छबिलदास' म्हणायला लागले. 'छबिलदासची चळवळ' हा शब्द आजही नाटकवाल्यांच्या बोलण्यात आहे. मग ती जागा सुटली, आविष्कार माहीमला गेलं, आणि चळवळीचं नाव शाळेला चिकटून मागे राहिलं. बरं झालं की संस्थेचं स्वतःचं नाव वेगळं होतं. तुमचं गोदाम सोसायटीचं आहे. उद्या संचालक मंडळ बदललं, खताचा साठा आला, कुलूप पडलं, तर नावाचं काय? त्यापेक्षा महिन्यातून एकदा तिथे नाटकाचं वाचन ठेवा, कॉलेजातल्या पोरांच्या हाती सोपवा आणि त्याला 'गोदामातलं नाटक' म्हणा. जागा असेपर्यंत चालेल, जागा गेली तर तो उपक्रम संपेल, संस्था नाही.

जानेवारीच्या स्पर्धेचं नावही असंच सुटसुटीत ठेवा: गुरुजींच्या नावाचा करंडक, वर्ष पहिलं. 'राज्यस्तरीय', 'भव्यदिव्य', 'महामहोत्सव' हे शब्द पहिल्या वर्षी लिहू नका. पाच शाळा आणि तीन कॉलेजं आली तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ आहेत, आणि त्यांना राज्यस्तरीय म्हटलं की बाहेरून आलेला परीक्षक पहिल्या तासातच खट्टू होतो. प्रायोजकाचं नाव स्पर्धेच्या नावाला जोडू नका. 'यंदाचे प्रायोजक' म्हणून खाली, दरवर्षी बदलता येईल असं.

नाव कागदावर पक्कं करण्याआधी त्याला थोडं राबवून बघा. गोदामाच्या एका टोकाला एकानं उभं राहून ते निवेदकासारखं म्हणावं, दुसऱ्या टोकाला ज्यानं नाव ऐकलेलं नाही अशा कुणाला तरी उभं करावं आणि त्याला लिहून काढायला सांगावं. चुकलं तर माइकवरही चुकणार. गावातल्या पेंटरला विचारा, तीन फुटी कापडी बॅनरवर एका ओळीत बसतं का. दोन ओळी झाल्या की नाटकाचं नाव लहान करावं लागतं, आणि प्रेक्षक नाटकाचं नाव वाचून येतो, संस्थेचं नाही. मग तुमच्या धंद्यातली गोष्ट, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत: खातं उघडताना इंग्रजी स्पेलिंग काय असणार? नोंदणीच्या कागदावर 'व्ही', पॅनवर 'डब्ल्यू' आणि पासबुकात तिसरंच, असं झालं की सरकारी अनुदानाचा किंवा बक्षिसाचा चेक वटता वटत नाही. स्पेलिंग एकदा बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा. आणि आद्याक्षरंही काढून बघा, कारण पोरं दुसऱ्या दिवशी त्याच नावानं हाक मारायला लागणार. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनला पुण्यात सगळे 'पीडीए'च म्हणत आले.

नोंदणीचं थोडक्यात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या 1950 च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. आधीच नोंदलेल्या संस्थेशी जुळणारं नाव मिळत नाही, म्हणून पसंतीच्या क्रमानं तीन नावं तयार ठेवा. शासनाची किंवा राष्ट्रीय पातळीवरची संस्था असल्याचा भास होईल असं नाव घेऊ नका. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू ही नावं तर बोधचिन्हं व नावांच्या गैरवापराविरुद्धच्या 1950 च्या कायद्यानं राखीव आहेत, त्यांचा अर्ज अडकतो. प्रमाणपत्र हातात यायला वेळ लागतो, तेव्हा स्पर्धेची यंदाची नियमावली आधी वाचा, प्रवेशिकेसोबत नोंदणीचे कुठले कागद मागितलेत आणि कधीपर्यंत, ते बघा. वेळेत बसत नसेल तर ओळखीच्या एखाद्या जुन्या नोंदणीकृत मंडळाच्या वतीनं यंदा उतरता येतं का ते विचारा. एक वर्ष दुसऱ्याच्या नावावर खेळलात म्हणून कमीपणा नाही.

आणि एक कलम घटनेत नक्की घाला, वकिलानं नको म्हटलं तरी: नाव, लोगो, फेसबुक-यूट्यूबची पानं, त्यांचे पासवर्ड हे सगळं संस्थेचं, कुणा एकाचं नाही. जो बाहेर पडेल त्याला ते सोबत नेता येणार नाही. हे आत्ताच, वेगळं व्हायची वेळ यायच्या आधी लिहून घ्या, कारण नाटकवाले वेगळे होतातच. 'घाशीराम कोतवाल' 1972 च्या डिसेंबरात पीडीएनं रंगमंचावर आणलं, संस्थेत मतभेद झाले, नाटक करणारी मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. नाव जुन्या संस्थेकडे राहिलं, नाटक नव्या संस्थेनं जगभर नेलं. दोघांचंही काम पुढे चालू राहिलं. तुमच्याकडे कधी तशी वेळ आलीच तर भांडण निदान नाटकावरून व्हावं, फेसबुकच्या पासवर्डवरून होऊ नये.

निर्णय कसा घ्यायचा तेही सांगते, कारण सेक्रेटरी म्हणून शिव्या तुम्हालाच खाव्या लागणार आहेत. पहिल्या रविवारी फक्त एवढंच ठरवा की संस्थेला कुठल्याही व्यक्तीचं, घराण्याचं, देवाचं नाव द्यायचं की नाही. त्याच बैठकीत करंडकाला गुरुजींचं नाव हा ठराव घ्या, म्हणजे जुन्या मंडळींना रिकाम्या हाती उठावं लागणार नाही. दुसऱ्या रविवारी उरलेल्या नावांवर चिठ्ठीनं मत घ्या. हात वर करून नको. गावात कुणी कुणाच्या विरुद्ध हात वर केला ते दहा वर्षं लक्षात राहतं. निम्म्याहून एक मत जास्त यावर समाधान मानू नका, दोन तृतीयांश मतं मिळेपर्यंत थांबा, आणि एकदा मिळाली की विषय बंद.

या सगळ्याच्या आधी, आज संध्याकाळीच, उठून गेलेल्या त्या दोघांच्या घरी जा. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकू नका, ग्रुपवर तर अजिबात नको. प्रमुख नटाकडे आधी जा. नावाचा विषय तुम्ही काढू नका, त्यानं काढला तर ऐकून घ्या. उद्या साडेसातला पहिल्या अंकाचं वाचन आहे आणि त्याचं काम दुसरं कुणी वाचणार नाही, एवढं सांगा आणि चहा घेऊन या.